नीट नाही निघाली, मग फिजिशियन असिस्टंट व्हायचं? भंडाऱ्यातून विचार करत असाल तर आधी हे वाचा

जून महिन्यात भंडारा जिल्ह्यात दोन गोष्टींची वाट बघितली जाते. एक पावसाची, कारण पऱ्हे टाकायचे असतात. दुसरी नीटच्या निकालाची, कारण घरातल्या पोराने किंवा पोरीने नागपुरात राहून एक-दोन वर्षं क्लास केलेला असतो.

पाऊस कमी-जास्त का होईना, येतो. नीटचं तसं नाही. २०२५ मध्ये देशभरात २२ लाखांहून जास्त मुलांनी ही परीक्षा दिली. एमबीबीएसच्या जागा सगळ्या मिळून सव्वा लाखाच्या आसपास. त्यातल्या निम्म्याच्या आसपास जागा खासगी कॉलेजांत आहेत आणि तिथली फी ऐकूनच धानवाला शेतकरी उठून जातो.

म्हणजे दरवर्षी लाखो घरांत एकच प्रश्न असतो, आता पुढे काय?

आणि नेमकं याच वेळी मोबाईलवर रील यायला लागतात. नीटशिवाय मेडिकलमध्ये करिअर, डॉक्टरांच्या बरोबरीने काम, चार वर्षांत नोकरी, पुढे मास्टर्स करून थेट अमेरिका. कोर्सचं नाव असतं फिजिशियन असिस्टंट, म्हणजे पीए.

आता आपल्याकडे पीए म्हटलं की आमदारांचा पीए आठवतो. बापाला सांगितलं की मला पीए व्हायचं आहे, तर तो विचारणार, कोणत्या साहेबांचा?

तर हा पीए वेगळा. तो काय काम करतो, त्याचं शिक्षण कसं असतं, मास्टर्सचा रस्ता खरंच अमेरिकेला जातो का आणि भंडाऱ्याच्या पोराला यातून काय मिळू शकतं, हे एकेक करून बघू.

पीए म्हणजे नेमकं कोण?

पीए म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करणारा, वैद्यकीय शिक्षण घेतलेला माणूस. तो डॉक्टर नाही, नर्स नाही आणि कंपाउंडरही नाही.

एखाद्या मोठ्या हॉस्पिटलमधल्या हृदय शस्त्रक्रिया विभागाचं उदाहरण घ्या. सर्जनच्या हाताखाली २०-२५ पेशंट आहेत. प्रत्येकाची हिस्ट्री घ्यायची, तपासणी करायची, रिपोर्ट गोळा करायचे, राउंडला डॉक्टरांना सगळं सांगायचं, त्यांनी सांगितलेल्या ऑर्डर लिहायच्या, ऑपरेशनला हात द्यायचा, नंतर ड्रेसिंग बघायचं, डिस्चार्ज कार्ड तयार करायचं, नातेवाईकांना समजावून सांगायचं. यातलं बरंचसं काम पीए करतो. बायपासमध्ये पायातली शीर काढून ती हृदयाला जोडतात. ती शीर काढण्याचं काम भारतात अनेक ठिकाणी प्रशिक्षित पीए करतात.

यात डॉक्टरांचा वेळ वाचतो आणि तो वेळ निदान, निर्णय आणि ऑपरेशन याला मिळतो. या पेशाची सगळी कल्पना इथूनच आली आहे.

ही आयडिया आली कुठून?

अमेरिकेतून. १९६० च्या दशकात तिकडे डॉक्टरांची टंचाई होती, गावाकडे तर जास्तच. त्याच वेळी नौदलातून परतलेले वैद्यकीय जवान रिकामे बसले होते. युद्धात त्यांनी जखमींवर उपचार केले होते, हाताला सवय होती. पण घरी आल्यावर त्या अनुभवाला नाव नव्हतं आणि परवानाही नव्हता.

नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या ड्यूक विद्यापीठाचे डॉ. यूजीन स्टेड यांनी १९६५ मध्ये अशा चार जणांना घेऊन दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यातले तिघे १९६७ मध्ये पास होऊन बाहेर पडले. जगातले हे पहिले फिजिशियन असिस्टंट.

आज अमेरिकेत पावणेदोन लाखांहून जास्त प्रमाणित पीए आहेत. सगळ्या ५० राज्यांत त्यांना औषध लिहून देता येतं, अर्थात त्या त्या राज्याच्या नियमांत राहून. मे २०२३ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे तिथल्या पीएचा मध्यम वार्षिक पगार १ लाख ३० हजार डॉलर होता. रीलमध्ये जो आकडा दाखवतात तो इथून येतो. आकडा खरा आहे. मात्र तो अमेरिकेत शिकून अमेरिकेत परवाना घेतलेल्या पीएचा आहे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

भारतात हा कोर्स कसा आला?

भारतात १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये हृदयशल्यविशारद डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने हा अभ्यासक्रम सुरू झाला. पुढे तामिळनाडू, केरळ, कर्नाटक या भागात तो पसरला. तामिळनाडूचं डॉ. एम.जी.आर. वैद्यकीय विद्यापीठ, चेन्नईचं श्री रामचंद्र, कोचीचं अमृता, मणिपाल अशा संस्थांत तो शिकवला गेला.

इथे एक गोष्ट बघण्यासारखी आहे. अमेरिकेत पीए निर्माण झाला त्यामागे गावाकडच्या डॉक्टरांचं ओझं कमी करण्याचा विचार होता. भारतात तो सुरू झाला मोठ्या शहरातल्या हृदय शस्त्रक्रिया विभागात. त्यामुळे आपल्याकडचा पीए मुख्यतः कॉर्पोरेट हॉस्पिटलमध्ये वाढला. हृदय, मेंदू, हाडं, आयसीयू अशा विभागांत. गावातल्या दवाखान्यात तो आलाच नाही.

लाखांदूर किंवा पवनीच्या माणसाला पीए हा शब्द नवीन वाटतो, त्याचं कारण हेच.

आपल्याकडे असे मधल्या फळीचे लोक आधी नव्हते का?

होते. आणि त्यांचं पुढे काय झालं हे माहीत असणं या कोर्सला जाणाऱ्या प्रत्येकाच्या फायद्याचं आहे.

इंग्रजांच्या काळात भंडारा मध्य प्रांतात होता. तेव्हा नागपुरात १९१४ मध्ये रॉबर्टसन मेडिकल स्कूल सुरू झालं. तिथून बाहेर पडणारे एलएमपी डॉक्टर, म्हणजे लायसेन्शिएट. पूर्ण एमबीबीएसपेक्षा कमी काळाचा कोर्स, पण प्रॅक्टिसचा परवाना. गावोगावच्या सरकारी दवाखान्यांत असेच लोक असायचे.

१९४६ मध्ये भोर समितीचा अहवाल आला. तेव्हा देशात सुमारे ४७ हजार नोंदणीकृत डॉक्टर होते आणि त्यातले जवळपास ३० हजार लायसेन्शिएट होते. समितीचं म्हणणं पडलं की यापुढे एकच प्रकारचा, पूर्ण शिकलेला डॉक्टर तयार करायचा. लायसेन्शिएटचे कोर्स हळूहळू बंद झाले.

दुसरं उदाहरण शेजारच्या छत्तीसगडचं. राज्य झाल्यावर लगेच, २००१ मध्ये, तिथे तीन वर्षांचा वैद्यकीय कोर्स सुरू झाला. कल्पना चांगली होती, आदिवासी भागात डॉक्टर जात नाहीत तर स्थानिक मुलांना शिकवून पाठवू. पण डिग्रीला काय नाव द्यायचं, नावापुढे काय लावायचं, काय करायची परवानगी द्यायची यावरून भांडणं लागली. कोर्टकचेऱ्या झाल्या, विद्यार्थ्यांची आंदोलनं झाली. २००८ पर्यंत कोर्स बंद पडला. जे पास झाले होते त्यातल्या अनेकांना सरकारने रुरल मेडिकल असिस्टंट म्हणून आरोग्य केंद्रांत नेमलं.

गंमत म्हणजे पुढे संशोधकांनी छत्तीसगडमध्ये या लोकांचं काम तपासलं, तेव्हा प्राथमिक पातळीवरच्या आजारांत त्यांची क्षमता एमबीबीएस वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या जवळपास निघाली. म्हणजे काम जमत होतं, कायद्यातली जागा पक्की नव्हती.

आसाममध्येही असाच तीन वर्षांचा कोर्स होता. त्याचा कायदा गुवाहाटी उच्च न्यायालयाने रद्द केला आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला.

यातून आपण घ्यायचं ते एवढंच की, वैद्यकीय क्षेत्रात हुशारी आणि मेहनत यांच्याइतकंच महत्त्व नोंदणीला आहे. ज्या कोर्सला कायद्यात जागा नाही, त्या कोर्सवाल्यांचं आयुष्य कोर्टाच्या तारखांवर चालतं.

मग पीएला कायद्यात जागा आहे का?

आहे. आणि ही तुलनेने नवी गोष्ट आहे.

मार्च २०२१ मध्ये नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायदा आला. डॉक्टर, नर्स, डेंटिस्ट, फार्मासिस्ट यांच्यासाठी आधीपासून परिषदा होत्या. पण फिजिओथेरपी, लॅब, एक्स-रे, डायलिसिस, ऑप्टोमेट्री अशा पन्नासहून जास्त कामांसाठी देशपातळीवर एकसारखे नियम नव्हते. हा कायदा त्यांच्यासाठी. सगळ्या कामांचे १० गट केले आहेत आणि त्यातल्या नवव्या गटात फिजिशियन असोसिएट किंवा फिजिशियन असिस्टंट हे नाव आहे.

कायद्याप्रमाणे केंद्रात आयोग आणि प्रत्येक राज्यात परिषद असते. कोर्सचे किमान निकष ठरवणं, कॉलेजला मान्यता देणं, पास झालेल्यांची नोंद ठेवणं ही त्यांची कामं. २०२५ मध्ये आयोगाने काही व्यवसायांचे देशभरासाठी एकसारखे अभ्यासक्रम जाहीर केले, त्यात फिजिशियन असोसिएटही होता.

त्यामुळे जुन्या लायसेन्शिएटसारखी किंवा छत्तीसगडसारखी अधांतरी अवस्था आता नाही. पण नवीन व्यवस्था बसायला वेळ लागतो. म्हणून ज्या वर्षी प्रवेश घ्याल, त्या वर्षी त्या कॉलेजची मान्यता कागदावर बघणं तुमचं काम आहे. समोरच्या काउन्सेलरच्या तोंडी शब्दावर सोडू नका.

शिक्षणाचा रस्ता कसा आहे?

तीन रस्ते आहेत. नीट वेगळे करून बघू, कारण जाहिरातीत हे तिन्ही एकत्र कालवलेले असतात.

*पहिला रस्ता, बारावीनंतर पदवी.* बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं. कोर्स सहसा चार वर्षांचा, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. सुरुवातीला शरीररचना, शरीरक्रिया, बायोकेमिस्ट्री, पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, औषधशास्त्र. मग मेडिसिन, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग, हृदयरोग वगैरे आणि जोडीला वॉर्डातलं काम. प्रवेशाची पद्धत संस्थेप्रमाणे बदलते. कुठे स्वतःची परीक्षा, कुठे गुणांवर.

*दुसरा रस्ता, भारतातच पदव्युत्तर.* साधारण दोन वर्षांचा मास्टर्स. एखाद्या विभागात खोलवर काम, संशोधन प्रबंध, शिकवण्याची तयारी. पण इथे लोक फसतात ते असं. सहसा या मास्टर्सला पीएचीच पदवी मागतात. तुम्ही भंडाऱ्याच्या किंवा तुमसरच्या कॉलेजमधून झूलॉजीत बीएस्सी केलंय आणि आता थेट पीएच्या मास्टर्सला जायचंय, तर ते सहसा होत नाही. पात्रतेची ओळ माहितीपत्रकात स्वतः वाचा.

*तिसरा रस्ता, अमेरिकेतलं मास्टर्स.* अमेरिकेत पीए हा कोर्स पदवीनंतरचाच आहे. तिथे आधी कोणत्याही विषयातली पदवी चालते, पण शरीररचना, शरीरक्रिया, केमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, सांख्यिकी असे ठरलेले विषय झालेले हवेत. त्याशिवाय अनेक कॉलेजं प्रत्यक्ष रुग्णसेवेचे शेकडो ते हजार-दोन हजार तास मागतात. म्हणजे तिथली मुलं आधी रुग्णवाहिकेवर, नर्सिंग सहायक म्हणून किंवा दवाखान्यात काम करून मग अर्ज करतात.

कोर्स साधारण २७ महिन्यांचा. पहिलं वर्ष वर्गातलं, पुढचं वर्ष वेगवेगळ्या विभागांत फिरून काम शिकण्याचं. नंतर पॅन्स नावाची ३०० प्रश्नांची राष्ट्रीय परीक्षा, मग राज्याचा परवाना. परवाना मिळाल्यावरही दर दोन वर्षांनी १०० तासांचं पुढचं शिक्षण दाखवावं लागतं.

भारतात पीए करून अमेरिकेत पीए होता येतं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून सरळ उत्तर देतो. थेट नाही.

पॅन्स परीक्षेला बसायला अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त पीए कोर्समधून पास व्हावं लागतं. भारतातली पदवी किंवा भारतातलं मास्टर्स त्यासाठी चालत नाही. एमबीबीएस झालेला डॉक्टर परीक्षा देऊन तिकडच्या रेसिडेन्सीला जाऊ शकतो, तसा मार्ग पीएसाठी नाही. भारतातला पीए अमेरिकेत गेला तरी त्याला पुन्हा पूर्ण मास्टर्स करावं लागतं. इथल्या कामाचा अनुभव अर्जाला उपयोगी पडू शकतो, एवढंच.

आता खर्च. अमेरिकेत दोन-सव्वादोन वर्षांची फक्त शिकवण्याची फी अनेक ठिकाणी ८० हजार ते १ लाख डॉलर किंवा त्याहून जास्त असते. राहणं-खाणं वेगळं. शिवाय कितीतरी कॉलेजं परदेशी विद्यार्थी घेतच नाहीत किंवा आधी अमेरिकेत काही विषय करून या म्हणतात. त्यानंतर व्हिसाचा प्रश्न. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं. इतकं शुल्क भरून नवशिक्या पीएला ठेवणारं हॉस्पिटल शोधणं किती अवघड असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

ब्रिटनमध्येही दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण घेऊन पीए होतात. तिथे डिसेंबर २०२४ पासून त्यांची नोंदणी डॉक्टरांच्याच परिषदेकडे सुरू झाली. पण पेशंटला समोरचा माणूस डॉक्टर आहे की पीए हे कळत नाही, यावरून मोठा वाद झाला. सरकारने नेमलेल्या लेंग समितीचा अहवाल जुलै २०२५ मध्ये आला. तिने असोसिएट हा शब्द काढून पुन्हा असिस्टंट म्हणा, आणि निदान न झालेले पेशंट सरसकट त्यांच्याकडे सोडू नका, अशा शिफारशी केल्या. म्हणजे जिथे हा पेशा रुजला आहे असं आपण समजतो, तिथेही त्याच्या सीमा अजून ठरतच आहेत.

पीए झाल्यावर गावात दवाखाना टाकता येतो का?

नाही. याबाबत कोणीही वेगळं सांगत असेल तर तिथून उठून या.

भारतात स्वतंत्रपणे ॲलोपॅथीची प्रॅक्टिस करायची तर वैद्यकीय नोंदवहीत नाव लागतं. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याप्रमाणे हे नसताना प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पीएने स्वतःचा बोर्ड लावून पेशंट तपासले, स्वतःच्या सहीने औषधं लिहिली, नावापुढे डॉ. लावलं, तर तो बोगस डॉक्टरांच्या रांगेत जातो. त्याची पदवी कितीही खरी असली तरी.

याच कायद्यात कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडर नावाची एक तरतूद आहे. मर्यादित परवाना देऊन प्राथमिक पातळीवर ठरावीक औषधं लिहू देण्याची. जाहिरातवाले कधीकधी या कलमाचा हवाला देतात. पण कलम असणं आणि तुमच्या हातात परवाना असणं यात फरक आहे. पीएची पदवी घेतली की तो परवाना आपोआप मिळत नाही.

महाराष्ट्रातलंच उदाहरण बघा. २०१४ मध्ये राज्याने कायदा बदलून होमिओपॅथीच्या डॉक्टरांना औषधशास्त्राचा एक वर्षाचा कोर्स करून ॲलोपॅथीची औषधं देण्याची वाट मोकळी केली. पण त्यांच्या नोंदणीचा वाद २०२५ मध्येही पेटलेलाच होता, त्यावरून ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी संप केला. साडेपाच वर्षं शिकलेल्या माणसांची ही गत, तर चार वर्षांच्या कोर्सवर कोणी दवाखान्याचं स्वप्न विकत असेल तर ते घेऊ नका.

भंडाऱ्यात राहून पीएची नोकरी मिळेल का?

भंडारा जिल्ह्यात सात तालुके, भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १२ लाख ३३४. सरकारी व्यवस्था आपल्याला माहीत आहे. गावात आशाताई, मग उपकेंद्र, त्यावर पीएचसी, मग ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय, मग भंडाऱ्याचं जिल्हा रुग्णालय. त्यानंतर काय सांगतात? नागपूरला न्या. मेडिकलला किंवा मेयोला. भंडारा शहरातून ६०-६५ किलोमीटर, लाखांदूरकडून शंभरच्या वर.

या साखळीत वैद्यकीय अधिकारी, समुदाय आरोग्य अधिकारी, स्टाफ नर्स, एएनएम, फार्मासिस्ट, लॅब टेक्निशियन ही नेहमीची पदं आहेत. पीए हे पद त्यात नाही. म्हणून सरकारी भरतीच्या भरवशावर हा कोर्स करू नका.

खासगीत बघायचं तर पीए लागतो तो मोठ्या, अनेक विभाग असलेल्या हॉस्पिटलला. म्हणजे आपल्यासाठी जवळचं शहर नागपूर, नंतर पुणे, मुंबई, हैदराबाद, चेन्नई. थोडक्यात, पीए व्हायचं म्हणजे बहुतेक करून जिल्हा सोडायचा. ज्यांची तयारी आहे त्यांना ही अडचण नाही. पण आई-बापांना, पोरगी शिकून इथेच पीएचसीत लागेल, असं वाटत असेल तर ते आधीच बोलून घ्या.

मग गावाजवळ राहून असं काम करायचं असेल तर? त्यासाठी दुसरा रस्ता आहे, समुदाय आरोग्य अधिकारी. बीएस्सी नर्सिंग किंवा बीएएमएस झालेल्यांना सहा महिन्यांचं प्रशिक्षण देऊन उपकेंद्रावर नेमतात. रक्तदाब, मधुमेह, गरोदर मातांची तपासणी, सिकलसेलच्या पेशंटचा पाठपुरावा, ठरलेली औषधं देणं अशी कामं असतात. पद कंत्राटी असतं, पगाराच्या तारखेवरून तक्रारी असतात, तरी सरकारी व्यवस्थेत आज मधल्या फळीचं जे काम आहे ते हेच. आणि त्याचा पाया नर्सिंग किंवा आयुर्वेद हा आहे, पीए नाही.

मधली फळी चालते का, याचं उत्तर शोधायला विदर्भाबाहेर जायची गरज नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गावातल्या बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले, त्या गावांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. काम ठरवून दिलं, शिकवलं, देखरेख ठेवली तर डॉक्टर नसलेला माणूसही जीव वाचवतो. पीएच्या पेशामागे हाच विचार आहे. प्रश्न असा की आपल्या सरकारने अजून पीएला त्या कामासाठी निवडलेलं नाही.

दरम्यान, ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात १० नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात भंडाऱ्याचंही आहे. एमबीबीएसच्या १०० जागा. पहिली तुकडी इंटर्नशिप संपवून बाहेर पडायला २०३० उजाडेल. पण कॉलेज आलं की हॉस्पिटल वाढतं, विभाग वाढतात आणि त्यासोबत ऑपरेशन थिएटर, लॅब, रेडिओलॉजी, डायलिसिस यांना माणसं लागतात. जिल्ह्यात राहायचं असेल तर या कोर्सेसकडेही बघायला हवं.

पैशाचं गणित कसं बसवायचं?

पीएचा कोर्स बऱ्याचदा अभिमत किंवा खासगी विद्यापीठात असतो. इथे एक बारीक गोष्ट आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे महाराष्ट्रात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी पूर्ण माफ झाली. पण त्यासाठी प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा, आणि खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यात येत नाहीत. परराज्यातल्या कॉलेजला तर हा निर्णय लागू नाहीच.

म्हणजे तीच मुलगी राज्यातल्या कॉलेजमध्ये केंद्रीय प्रक्रियेतून दुसऱ्या एखाद्या व्यावसायिक कोर्सला गेली तर फी वाचू शकते, आणि पीएसाठी बाहेर गेली तर पूर्ण भरावी लागते. चार वर्षांच्या हिशेबात हा फरक एखाद्या एकराच्या किमतीपर्यंत जाऊ शकतो. म्हणून आधी महाडीबीटी पोर्टलवर कॉलेजचं आणि कोर्सचं नाव आहे का ते बघा, मग सातबारा घेऊन बँकेत जा.

प्रवेशाआधी कॉलेजला हे विचारा

१. कोर्सला आणि कॉलेजला या वर्षाची मान्यता आहे का? पत्र दाखवा. झेरॉक्स मागा.

२. डिग्री कोणतं विद्यापीठ देणार? ते यूजीसीच्या यादीत आहे का?

३. हॉस्पिटल स्वतःचं आहे का? किती खाटा, कोणते विभाग, रोज किती ऑपरेशन? पीए वॉर्डात घडतो. हॉस्पिटल नाही तर शिक्षण नाही.

४. इंटर्नशिप कुठे आणि स्टायपेंड किती?

५. मागच्या दोन तुकड्यांतली मुलं आज कुठे आणि कोणत्या पदावर काम करतात? दोघा-तिघांशी फोनवर बोलू द्या. पीए शिकून रिसेप्शनवर किंवा विम्याच्या कागदपत्रांवर बसवलं असेल तर तेव्हाच कळेल.

६. मध्येच कोर्स सोडला तर फी किती परत मिळते? मूळ कागदपत्रं ठेवून घेता का?

७. कोर्स ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने आहे का? असेल तर विषय तिथेच संपवा. या कायद्याखाली येणारे कोर्स ऑनलाइन आणि दूरशिक्षण पद्धतीने चालवायला यूजीसीने २०२५ मध्ये बंदी घातली आहे.

मग करायचा की नाही?

वॉर्डातलं काम आवडतं, टीममध्ये दुसऱ्याच्या निर्णयाखाली काम करायची तयारी आहे, मोठ्या शहरात राहायला हरकत नाही, मान्यता असलेलं आणि चांगल्या हॉस्पिटलला जोडलेलं कॉलेज मिळतंय आणि फी घराला झेपणारी आहे, तर पीए हा चांगला पेशा आहे. यात शिकायला खूप मिळतं आणि पेशंटच्या जवळ राहता येतं.

पण मनात डॉक्टरच व्हायचं असेल आणि पीए म्हणजे त्याचा शॉर्टकट वाटत असेल, तर दहा वर्षांनीही ते शल्य राहील. कारण पीएचं प्रमोशन होऊन तो डॉक्टर होत नाही. त्यासाठी पुन्हा नीट देऊन एमबीबीएसच करावं लागतं.

आणि कोणी अमेरिकेच्या पगाराचा आकडा दाखवून भारतातल्या कोर्सची फी मागत असेल, तर त्याला एकच प्रश्न विचारा, तुमच्या डिग्रीवर पॅन्सला बसता येतं का? उत्तर ऐका आणि मगच ॲडव्हान्स भरायचा की नाही ते ठरवा.

तुमच्या ओळखीत कोणाच्या घरी या वर्षी नीटचा निकाल लागला असेल, तर हे त्यांच्यापर्यंत पोचवा. फी भरण्याच्या आधी पोचलं तर जास्त बरं.